व्रत आपले, भूक पिलांची



चातुर्मास तोंडावर आला आहे, तेव्हा या अंकात पर्वतिथींच्या स्वयंपाकाविषयी लिहावे असे योजले होते. टिपणेही काढून झाली होती. परंतु मागच्या पंधरवड्यात नाशिकहून भाचीचा फोन आला आणि ती टिपणे बाजूला ठेवावी लागली.

"मावशी, आमच्या मिनूचे दिवस भरत आलेत. काल एक्स-रे काढला, तीन पिलं दिसतात. डॉक्टर म्हणाले आठवडाभर हातात आहे. तुझ्याकडे मैनेला पिलं झाली होती ना? मी बरंच काही आणून ठेवलंय, बघ पुरेसं आहे का." असे म्हणून तिने यादी वाचली: घरी वळलेले दिंकाचे लाडू, कॅल्शियमच्या औषधाची मोठी बाटली, किलोभर साजूक तूप, आणि पिलांसाठी रोज सकाळ-संध्याकाळ गाईचे ताजे दूध लावून ठेवलेले.

मी तिला हसले नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्याही यादीत नेमके हेच चार जिन्नस होते, आणि त्या यादीची किंमत आमच्या घराने मोजली होती. आपल्या समाजात आताशा अनेक घरांत मुला-नातवंडांच्या हौसेखातर या लहान जातीची कुत्री आलेली आहेत. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून भाचीला जे सांगितले तेच येथे लिहीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की लहान जातीचे कुत्रे म्हणजे मोठ्या कुत्र्याची छोटी प्रतिकृती नव्हे. आमच्या लहानपणी पेठेतल्या वाड्यांतून जे पांढरे, झुबकेदार कुत्रे दिसे, त्याला सगळे पॉमेरियनच म्हणत. ते खरे तर भारतीय स्पिट्झ, अंगाने बरेच थोराड. अस्सल पॉमेरियनचे प्रमाणित वजन सुमारे दीड ते सव्वातीन किलो एवढेच असते. अशा आईचे पिलू जन्मते तेव्हा शंभर-सव्वाशे ग्रॅमचे असते, म्हणजे आपल्या दुकानातल्या वेलदोड्याच्या एका पाकिटाइतके. त्या इवल्या देहात चरबी जवळजवळ नसते, यकृतात साखरेचा साठा काही तासांपुरताच असतो, आणि स्वतःची ऊब स्वतः राखण्याची शक्ती पहिले काही आठवडे येत नाही. मोठ्या जातीचे पिलू एखादे दूध चुकले तरी तग धरते. याला ते परवडत नाही.

आता आमची हकीकत सांगते.

मैना ही आमच्या नातवाची. तिला पिले होणार हे कळले तेव्हा घरात बाळंतिणीचीच लगबग सुरू झाली. श्रावणातला पाऊस होता. बार्शीत दोन दिवस सूर्यदर्शन नव्हते. दुपारी तीनच्या सुमारास पहिले पिलू झाले आणि दिवेलागणीपर्यंत आणखी दोन. दोन धष्टपुष्ट होती, तिसरे मात्र अगदीच किडकिडीत. ते आईच्या कुशीत शिरे, पण दोन बलदंड भावंडे त्याला बाजूला सारीत. थोडा वेळ ते बारीक कुईकुई करीत राहिले, मग गप्प झाले. आम्हाला वाटले, झोपले.

आमच्या सासूबाईंचा गेली चाळीस वर्षे चौविहार आहे. त्यांचा मान म्हणून आमच्या घरात सूर्यास्तानंतर शेगडी पेटत नाही, स्वयंपाकघराला कडी लागते. कोणी तसा दंडक घातलेला नाही, पण तसे चालत आले आहे. त्या रात्री पिलाला काही द्यावे का, असे सूनबाईने दोनदा विचारले. मी म्हणाले, सकाळी पाहू. मनात एवढेच होते की रात्रीच्या वेळी भांड्यांचा आवाज नको, आईंना वाईट वाटायला नको.

पहाटे साडेचारला पाहिले तर ते पिलू आईपासून दूर, टोपलीच्या कोपऱ्यात पडलेले. हातात घेतले तर दगडासारखे गार. मी घाईने गाईचे दूध कोमट केले, निम्मे पाणी घातले, कापसाचा बोळा भिजवला आणि पिलाला तान्ह्या मुलासारखे उताणे धरून तोंडात पिळला. दोन-तीन थेंब आत गेले असतील. नाकातून फेस आला. सहा वाजायच्या आत सारे आटोपले.

आपल्या भाषेत भोळ्या माणसाला आपण बोळ्याने दूध पिणारा म्हणतो. त्या पहाटे भोळेपणा पाजणारीकडे होता.

नंतर पशुवैद्यांनी समजावले तेव्हा कळले की मी चार चुका एका बोळ्यात केल्या होत्या. पिलू गार असताना दूध दिले. गार पडलेल्या पिलाची आतडी काम थांबवतात. पोटात गेलेले दूध पचत नाही, तेथेच नासते. पिलाचे अंग ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर त्याला दुधाचा थेंबही द्यायचा नाही. आधी तासा-दीड तासात हळूहळू ऊब द्यायची, मग अन्न. दुसरी चूक उताणे धरण्याची. पिलू आईला पिते ते पोटावर पालथे, मान किंचित वर करून. उताणे धरले की दूध श्वासनळीत उतरते. तिसरी चूक पिळून घालण्याची: गिळण्याचा वेग पिलाने ठरवायचा असतो. आणि चौथी चूक त्या दुधाचीच.

त्या दिवशी आवरताना सासूबाईंनी विचारले, "रात्री स्वयंपाकघरात दिवा का नव्हता गं?"

मी म्हणाले, "आई, तुमचा चौविहार..."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चौविहार मी घेतलाय सूनबाई. त्या पिलानं कुठं पच्चक्खाण घेतलं होतं?"

वाचक बंधू-भगिनींनो, अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेपासून म्हणत आलो आहोत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे हे चार आपल्या घरांतून सहसा घडत नाहीत. पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जीवाचे अन्नपाणी अडवणे. तो बेड्या घालूनच घडतो असे मी समजत असे. स्वयंपाकघराच्या कडीनेही घडतो हे त्या सकाळी कळले.

आता तयारीकडे वळते. आधी आईचे खाणे, कारण पिलांचे पहिले अन्न तेथूनच यायचे असते.

कुत्रीचे दिवस सुमारे ६३ असतात. पाच-सहा दिवस इकडे-तिकडे होतात. पहिले पाच आठवडे तिचे खाणे वाढवायचे नाही. येथेच आपल्या घरांतले लाड आड येतात. लहान जातीची आई जाड झाली तर सुटका अवघड होते. या जातींत पिलांची डोकी मोठी आणि आईची वाट अरुंद, त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ तशीही पुष्कळदा येते. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत मात्र आहार बेताबेताने वाढवत न्यावा, तो सुटकेच्या सुमारास नेहमीच्या सव्वा ते दीडपट व्हावा, म्हणजे जेथे चार घास तेथे पाच-सहा. गर्भाशयाने पोटातली जागा व्यापलेली असते म्हणून एका वेळी थोडे आणि दिवसातून चार वेळा. शेवटच्या दिवसांत तिला फार वेळ उपाशी राहू देऊ नये. संध्याकाळी लवकर ताटली उचलून सकाळपर्यंत काही नाही, असे करू नये.

मग यायचा तो प्रश्न, जो आपल्या घरांत मोठ्याने विचारला जात नाही: मांस-अंड्यावाचून तिचे भागेल का? मी याचे उत्तर गोड करून सांगणार नाही. कुत्रा हा मांजराइतका निव्वळ मांसाहारी प्राणी नाही. माणसाच्या सोबतीने राहता राहता त्याला धान्यातले पिष्ट पचवण्याची शक्ती आली. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात, हे २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आहे. तेव्हा कुत्र्याला शाकाहारावर ठेवणे शक्य आहे. परंतु वरण-भात आणि पोळीचे तुकडे म्हणजे कुत्र्याचा शाकाहार नव्हे. गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या आईला लागणारी प्रथिने त्यातून मिळत नाहीत. तयार शाकाहारी खाद्य घेत असाल तर पुडक्यावर ते गर्भिणीसाठी, पाजणाऱ्या आईसाठी किंवा वाढत्या पिलांसाठी पुरेसे असल्याचा उल्लेख शोधा. पाण्याचा अंश वगळून प्रथिने किमान २२.५ टक्के आणि स्निग्धांश किमान ८.५ टक्के असावेत असा अमेरिकेतला प्रमाणित दंडक आहे. नुसते 'प्रौढ कुत्र्यासाठी' लिहिलेले खाद्य या काळात अपुरे. पनीर आणि दही जोडीला चालते, पण पशुवैद्यांना घरची मर्यादा मोकळेपणाने सांगून सगळा आहार त्यांच्याकडून बसवून घ्यावा. 'आमच्या घरात चालत नाही' हे त्यांना सांगण्यात संकोच नको. संकोचाने अर्धवट खाऊ घालणे हे त्याहून वाईट. आणि ज्यांना हे सगळे जमणार नाही असे वाटते, त्यांनी मादीला माजावर असताना जपावे. ही माझी सरळ समजूत आहे, कोणाला कडू लागली तर क्षमा असावी.

भाचीच्या लाडवांविषयी. दिंकाच्या लाडवात आपल्याकडे बहुतेक घरी मनुका पडतात. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. तीन किलोच्या जीवाला थोड्या मनुकाही भारी पडू शकतात. चॉकलेट तसेच. कांदा-लसूणही कुत्र्याला विषारी, पण त्या बाबतीत आपली स्वयंपाकघरे न कळत सुरक्षित आहेत. बाहेरून आलेल्या शेव-फरसाणाचा मात्र भरवसा धरू नये. तूप चमच्याने ओतले की जुलाब ठरलेले. वाटीभर दूधही तेच करते. लाडू मी तिला सूनबाईच्या मैत्रिणीकडे, खरोखरीच्या बाळंतिणीकडे पाठवायला सांगितले.

कॅल्शियमच्या बाटलीने तर सगळ्यात जास्त घात होतो, कारण ती हिताची वाटते. आपण व्यापारी माणसे, म्हणून व्यापाराच्या भाषेत सांगते. शरीराच्या हाडांत कॅल्शियमचे गोदाम असते आणि गळ्याजवळची एक बारीक ग्रंथी त्या गोदामाची किल्ली सांभाळते. रक्तात टंचाई झाली की ती कुलूप उघडते आणि माल बाहेर काढते. गर्भारपणात आपण रोज वरून माल ओतत राहिलो तर त्या गुमास्त्याला काम उरत नाही, तो सुस्तावतो. मग पिले पिऊ लागल्यावर दुधासाठी एकाएकी मोठी मागणी येते आणि कुलूप वेळेवर उघडत नाही. आई धापा टाकते, अस्वस्थ होते, पाय ताठ टाकत चालते, थरथरते, ताप चढतो, झटके येतात. व्याल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांत, विशेषतः लहान जातींच्या आयांना, हे होते. ही लक्षणे दिसली तर रात्र-दिवस न पाहता दवाखाना गाठावा, घरगुती उपाय करीत बसू नये. तेव्हा गाभण असताना कॅल्शियमचे औषध नको. नंतर द्यायचे ते पशुवैद्यांनी सांगितले तरच.

सुटकेची चाहूल तापमानावरून लागते. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मोजून ठेवावे. नेहमीचे १०० ते १०२ अंश असणारे तापमान ९९ च्या खाली उतरले की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. त्या दिवशी ती खाणार नाही, आग्रह करू नये. प्रत्येक पिलामागे वार पडते आणि आई ती खाऊ पाहते. आपल्या घरांत हे दृश्य पाहवत नाही. न पाहवले तर तोंड फिरवावे, पण तिच्यावर ओरडू नये. किती पिले, किती वारा, एवढे मोजून ठेवावे.

पिलांना पहिला मान आईच्या चिकाचा. रोगांशी लढणारे जे काही आई देते त्यातला मोठा वाटा त्या चिकातून मिळतो, आणि तो शोषून घेण्याची पिलाच्या आतड्यांची शक्ती पहिल्या चोवीस तासांतच सरते. म्हणून दुबळे पिलू आधी उबदार करून, बलदंड भावंडांना घटकाभर बाजूला ठेवून, हाताने धरून आईला लावावे. बाहेरचे दूध त्यानंतरचे.

तरीही बाहेरच्या दुधाची सोय आधीपासून हवी. आईला दूध उतरत नाही, शस्त्रक्रियेनंतर ती ग्लानीत असते, पिलू ओढत नाही किंवा वर सांगितलेला कॅल्शियमचा झटका आला तर पिलांना दिवसभर तरी आईपासून तोडावे लागते; यांतले काहीही मध्यरात्री घडू शकते. गाईच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश प्रत्येकी साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास. कुत्रीच्या दुधात त्याच्या दुपटीहून अधिक, आणि साखर मात्र कमी. त्यात आपण पाणी घातले की पिलाचे पोट भरते पण भूक राहते, वर जुलाब. शेळीचे दूध हलके म्हणून त्याची शिफारस पुष्कळ जण करतात. त्याचीही ताकद गाईच्या दुधाइतकीच. पिलांसाठी बनवलेली दुधाची भुकटी डब्यात मिळते, तीच आणून ठेवावी. बहुतेक भुकट्या गाईच्या दुधाच्या असतात, काहींत अंडे वा प्राणिज चरबी असते. घटक वाचून घ्यावेत. येथे आपल्या घरांची एक विशेष अडचण आहे. आयत्या वेळी घरी करायच्या दुधाच्या ज्या कृती सांगितल्या जातात त्यांत बहुधा अंड्याचा बलक असतो. म्हणजे इतरांना जो शेवटचा उपाय उपलब्ध असतो तो आपल्याला नाही. म्हणून पन्नासाव्या दिवसापूर्वी डबा कपाटात असलाच पाहिजे. भाचीने आधी लावलेले दूध बंद करून त्याच संध्याकाळी डबा आणला.

भुकटी मिसळायला उकाळलेले पाणी लागते. ते आपल्याकडे असतेच. वाशी अन्न आपण खात नाही, तीच सवय येथे कामी येते: एका वेळेपुरतेच दूध कालवावे, उरले तर टाकावे. बाटली आणि बारीक बोंडे दर वेळी उकळून घ्यावीत. दूध मनगटावर टाकले तर कोमट लागावे एवढेच. पिलाला टॉवेलवर पालथे ठेवून बोंड तोंडाशी न्यावे, त्याला स्वतः ओढू द्यावे. ओढत नसेल तर पाजू नये. नळीने पाजण्याची कला पशुवैद्यांकडून हाताखाली शिकल्याशिवाय करू नये. प्रमाणासाठी डब्यावरचा तक्ता पाहावा. परंतु एका वेळी शंभर ग्रॅम वजनामागे चार मिलिलीटरच्या वर जाऊ नये, तेवढेच त्याचे पोट असते. पहिल्या दिवशी थोडे कमीच बरे. आईविना असलेल्या इतक्या लहान पिलाला पहिला आठवडा दर दोन तासांनी, पुढे तीन तासांनी. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने पोटाखालचा भाग अलगद पुसावा. आई जिभेने करते तेच हे काम, त्याशिवाय पिलाला मलमूत्र होत नाही.

दोन तासांनी म्हणजे रात्रीही दोन तासांनी. आमच्याकडे उरलेल्या दोन पिलांसाठी पुढे पाळ्या लागल्या: दहा-बारा नातू, दोन-चार मी, पहाटे यजमान, कारण ते बाजार समितीत जायला तसेही उठतात. सासूबाईंनी रात्री काही घेतले नाही, पण बाराच्या पाळीला उठून त्या टोपलीपाशी नवकार म्हणत बसत. स्वयंपाकघराला आता कडी लागत नाही. दिवा मंद ठेवतो आणि जाळी लावतो, म्हणजे पावसाळ्यातले जीवजंतू येत नाहीत.

टोपलीची ऊब पहिल्या आठवड्यात ८५ ते ९० अंश असावी. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून टोपलीच्या एकाच बाजूला ठेवावी, दुसरी बाजू मोकळी. फार उकडले तर पिलू सरपटत तिकडे जाते. पिशवी दर दोन तासांनी पुन्हा भरावी, गार झालेली पिशवी पिलाचीच ऊब ओढून घेते. पिलू एकाएकी लुळे पडले, थरथरले, रडणे क्षीण झाले तर साखर उतरली असे समजावे. ऊब द्यावी आणि हिरड्यांना मध चोळावा असे सर्वत्र सांगतात. आपल्याला मध नको असेल तर ग्लुकोजचे किंवा साध्या साखरेचे घट्ट पाणी तेच काम करते. बोटाने थेंबभर चोळायचे, तोंडात ओतायचे नाही, आणि डॉक्टरांना उठवायचे.

एक साधन मात्र आपल्याइतके कोणाच्या घरी तयार नसेल: तराजू. यजमानांनी दुकानातला केशर-वेलदोडे तोलायचा ग्रॅमचा काटा घरी आणला आणि जुनी रोजमेळाची वही काढली. रोज ठरलेल्या वेळी दोन्ही पिले तोलून आकडा मांडायचा. डोळ्यांना सगळी पिले सारखीच दिसतात. काटा बारा तास आधी सांगतो. पहिल्या दिवशी वजन थोडे उतरले तर चालते, दशांशाहून अधिक उतरले तर नाही. त्यानंतर रोज जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के जमा पडली पाहिजे, आणि सात ते दहा दिवसांत जन्मवजन दुप्पट. ज्या दिवशी जमेच्या बाजूला काही नाही त्या दिवशी त्या पिलाला वरचे दूध. आमचे तिसरे पिलू आम्ही तोललेच नव्हते. त्याचे वजन ८१ ग्रॅम होते हे दवाखान्यात कळले, गेल्यानंतर.

पुढचे सोपे आहे. पाजणाऱ्या आईला हवे तेवढे खाऊ द्यावे, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिची भूक दुपटीपर्यंत आणि पिले जास्त असतील तर त्याहूनही वर जाते. पाण्याचे भांडे टोपलीपाशीच. चौथ्या आठवड्यानंतर पिलांना पातळ कालवलेले खाद्य चाटू द्यावे. जंताचे औषध आणि लसी पशुवैद्य सांगतील तशा.

पिले देण्याविषयी दोन शब्द. आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, आणि पैदाशीचा व्यवसाय करायचा तर नोंदणी लागते. पण आपल्या घरांत प्रश्न त्याही अलीकडचा आहे. पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य येते, ते सजीवांच्या व्यापाराविषयीच. आमच्या दोन पिलांना चांगले पैसे देणारी गिऱ्हाइके दारात आली होती. यजमान म्हणाले, काटा दुकानात परत गेला आहे. पिले ओळखीच्या दोन घरी दिली, आणि मैनेची शस्त्रक्रिया करून घेतली.

हा मजकूर छपाईला देण्याआधी भाचीला फोन केला. मिनू परवा रात्री मोकळी झाली, शस्त्रक्रिया लागली नाही. तिच्या सासूबाई आरंभी नाराज होत्या. आता वही त्यांच्याच हातात आहे. मी म्हटले, आकडे वाच. पहिल्याचे १२२ चे १२८, दुसऱ्याचे ११५ चे १२१.

"आणि तिसऱ्याचं?"

"जन्मताना ९४, काल ९२ झालं होतं गं मावशी. रात्री दर दोन तासांनी पाजलं. आत्ता तोललं." पलीकडे वहीची पाने वाजली. "९७."